वॉल्ट डिस्ने आणि त्यांचा थोरला भाऊ

मित्रांनो, या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी चौथीतल्या प्रत्येकाला एकेका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, गाडगेबाबा, शास्त्रीजी ही सगळी नावे पुढच्या ओळीतल्या मुलांनी पटापट घेतली. माझा नंबर आला तेव्हा मी झोपलो होतो.

मी वर्गात झोपतो त्याचे कारण आहे. आमच्या दोन म्हशी आणि एक गाय आहे. गेल्या दिवाळीत बाबा माडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. तेव्हापासून दादा पहाटे उठून धारा काढतो आणि मी त्याच्याबरोबर डेअरीत दूध घालायला जातो. मोठी किटली दादाकडे आणि छोटी माझ्याकडे असते. घरी येऊन आंघोळ करेपर्यंत शाळेची घंटा होते. मग दुसऱ्या तासाला डोळे आपोआप मिटतात.

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले की याच कारणाने वर्गात झोपणारा एक मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला, तू त्याचेच चरित्र लिही. त्यांनी फळ्यावर नाव लिहिले, वॉल्ट डिस्ने. मिकी माऊस काढणारा माणूस तो हाच, हे ऐकून सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघू लागला. मग गुरुजींनी मला चार दिवस मधल्या सुट्टीत माहिती सांगितली आणि मोबाईलवर फोटो दाखवले. ती माहिती मी माझ्या शब्दांत लिहीत आहे.

थोर माणसाला अहो-जाहो लिहायचे असते. पण वॉल्ट लहान असताना तो आपल्याएवढाच होता, म्हणून तेवढ्या भागात मी त्याला अरे-तुरे करणार आहे.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. त्याच्या वडिलांचे नाव एलायस व आईचे नाव फ्लोरा असे होते. ते चार भाऊ आणि सर्वांत धाकटी बहीण रूथ. वॉल्टच्या पाठीवर रूथ आणि त्याच्या आधीचा भाऊ रॉय. रॉय वॉल्टपेक्षा आठ वर्षांनी मोठा होता. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते शेवटपर्यंत येणार आहे.

वॉल्ट साडेचार वर्षांचा असताना त्याचे आईवडील मिसुरी राज्यात मार्सेलिन नावाच्या छोट्या गावी शेती करायला गेले. तिथे गाई, घोडे, डुकरे, कोंबड्या होत्या आणि सफरचंदाची झाडे होती. वॉल्ट डुकरिणीच्या पाठीवर बसायचा आणि ती त्याला डबक्यात पाडायची. गावातून रेल्वे जात असे. त्याचे एक नातेवाईक इंजिन चालवायचे, म्हणून त्याला रेल्वेचे लई वेड लागले. एकदा त्याने आणि रूथने डांबराने घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रे काढली. डांबर काही निघेना आणि दोघांनी बोलणी खाल्ली. पण गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला आपल्या घोड्याचे चित्र काढायला सांगितले आणि त्याचे पैसेसुद्धा दिले. चित्राचे पैसे मिळतात हे त्याला तेव्हा कळले.

पुढे वडील आजारी पडले आणि शेत विकावे लागले. जनावरेपण विकली. १९११ साली ते सगळे कॅन्सस सिटी या मोठ्या शहरात राहायला गेले. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचे काम घेतले आणि वॉल्ट व रॉय या दोघांना त्या कामाला लावले. पहाटे साडेचारला उठायचे, शेकडो घरी पेपर टाकायचे, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर परत संध्याकाळचे पेपर. थंडीत तिथे गुडघाभर बर्फ पडते. पेपर अंगणात फेकायचा नाही, दारापाशी नीट ठेवायचा, असा वडिलांचा नियम होता. या कामाचे वडील मुलांना पैसे देत नसत.

कधी कधी वॉल्ट एखाद्या मोठ्या इमारतीच्या आतल्या बोळात ऊब असेल तिथे टेकायचा आणि त्याला झोप लागायची. कुणाच्या ओट्यावर दुसऱ्या मुलांची खेळणी पडलेली दिसली तर तो अंधारात थोडा वेळ खेळायचा आणि खेळणी होती तशी ठेवून पुढे जायचा. हे गुरुजींनी सांगितले तेव्हा मला कसंतरी झालं. त्याने हे काम सहा वर्षांहून जास्त केले. वर्गात त्याला झोप येई आणि मार्क कमी पडत. मोठेपणीसुद्धा त्यांना स्वप्न पडायचे म्हणे, की आपण एका घरी पेपर टाकायचा विसरलो.

त्यांच्या घरापासून काही अंतरावर इलेक्ट्रिक पार्क नावाची एक बाग होती. तिथे हजारो दिवे लागत, पाळणे होते आणि बँड वाजत असे. जणू रोजच जत्रा. खिशात पैसे नसले की ती बाहेरूनच बघायची.

आता वॉल्ट मोठे झाले, म्हणून मी अहो-जाहो लिहितो.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी त्यांना सैन्यात जायचे होते, पण वय कमी पडले. म्हणून त्यांनी कागदावर जन्माचे साल बदलले आणि ते रेडक्रॉसच्या मोटारी चालवायला फ्रान्सला गेले. ते पोचले तेव्हा युद्ध संपले होते. परत आल्यावर ते कॅन्सस सिटीत चित्रे काढण्याची नोकरी करू लागले. तिथे त्यांना अब आयवर्क्स नावाचा मित्र भेटला. तो फार जलद चित्रे काढायचा. वॉल्ट यांनी हलत्या चित्रांची म्हणजे कार्टूनची कंपनी काढली, पण ती १९२३ साली बुडाली. ते थोडेसे पैसे घेऊन आगगाडीत बसले आणि हॉलिवूडला गेले.

हॉलिवूड हे लॉस एंजेलिस शहरात आहे. रॉय तिथेच होते, पण दवाखान्यात. त्यांना क्षय झाला होता. वॉल्ट यांना एका बाईंकडून कार्टूनचे काम मिळाले. तेव्हा ते रात्रीच दवाखान्यात गेले, रॉयना उठवले आणि मला मदत कर म्हणून सांगितले, अशी गोष्ट सांगतात. दुसऱ्या दिवशी रॉय दवाखान्यातून बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या एका काकांनी ५०० डॉलर उसने दिले. १६ ऑक्टोबर १९२३ रोजी दोघा भावांची कंपनी सुरू झाली. वॉल्टनी गोष्टी आणि चित्रे बघायची आणि रॉयनी पैसे बघायचे, अशी वाटणी झाली. ती ४३ वर्षे तशीच चालली.

१९२५ साली वॉल्ट यांचे लिलियन यांच्याशी लग्न झाले. त्या त्यांच्याच कंपनीत कामाला होत्या. पुढे त्यांना डायन आणि शॅरन या दोन मुली झाल्या. शॅरन दत्तक घेतलेली होती.

त्यांचे ऑस्वाल्ड नावाच्या सशाचे कार्टून फार चालले. पण १९२८ साली त्यांना कळले की कागदपत्रांप्रमाणे तो ससा त्यांचा नाहीच, दुसऱ्या कंपनीचा आहे. त्यांची बरीच चित्रकार मंडळीसुद्धा तिकडे गेली. अब आयवर्क्स मात्र राहिले. मग ससा गेला म्हणून त्यांनी उंदीर काढला. त्याचे नाव मॉर्टिमर ठेवायचे होते, पण लिलियनबाईंना ते आवडले नाही आणि मिकी हे नाव ठेवले गेले, असे सांगतात. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये मिकीचा पहिला बोलपट लागला. मिकीची चित्रे आयवर्क्स यांनी काढली आणि आवाज स्वतः वॉल्ट यांनी दिला. पुढे जवळजवळ वीस वर्षे मिकीचा आवाज त्यांचाच होता.

नंतर त्यांनी हिमगौरी आणि सात बुटके या गोष्टीचा मोठा सिनेमा काढायचे ठरवले. एवढा लांब कार्टून सिनेमा कोण बघणार, असे म्हणून लोक हसले. खर्च वाढत वाढत १५ लाख डॉलर झाला. पैशासाठी बँकेत जायचे काम रॉयकडे होते. २१ डिसेंबर १९३७ रोजी सिनेमा लागला आणि बघणारे लोक रडले. त्याबद्दल त्यांना एक मोठी ऑस्करची बाहुली आणि सात छोट्या बाहुल्या मिळाल्या.

सगळेच चांगले झाले असे नाही. दोघा भावांनी आईवडिलांना नवीन घर घेऊन दिले. त्या घरातली शेगडी नीट नव्हती. १९३८ साली तिच्यातल्या विषारी वायूने त्यांची आई वारली. याबद्दल वॉल्ट नंतर कुणाशी बोलत नसत. १९४१ साली त्यांच्या चित्रकारांनी पगारासाठी आणि युनियनसाठी संप केला. तेव्हा वॉल्ट त्यांच्यावर फार चिडले आणि त्यांची माणसे त्यांना सोडून गेली. गुरुजींनी सांगितले की थोर माणसाचे चुकलेलेही लिहावे, म्हणून मी लिहिले.

आता बागेची गोष्ट. वॉल्ट सुट्टीच्या दिवशी मुलींना एका बागेत फिरत्या घोड्यांवर बसवायला नेत. मुली घोड्यांवर बसायच्या आणि वडील बाकावर एकटेच शेंगदाणे खात बसायचे. मुलांना आणि मोठ्यांना मिळून मजा करता येईल अशी स्वच्छ जागा का नसावी, असा विचार तिथे त्यांच्या मनात आला. घराच्या अंगणात त्यांनी बसता येईल अशी छोटी रेल्वे केली होती. तशी रेल्वे, राजवाडा, होड्या, जंगल असे सगळे एका ठिकाणी करायचे त्यांनी ठरवले.

रॉय यांना आधी ही कल्पना पसंत नव्हती. कंपनीवर कर्ज होते. मग वॉल्ट यांनी आपल्या विम्यावर कर्ज काढले. १९५३ साली एका शनिवारी-रविवारी त्यांनी हर्ब रायमन या चित्रकाराला शेजारी बसवले आणि मनातली बाग सांगितली. रायमन यांनी दोन दिवसांत मोठे चित्र काढले. ते चित्र घेऊन पैसे मिळवायला न्यूयॉर्कला कोण गेले? रॉयच गेले! आधी नको म्हणणारा माणूस चित्र घेऊन दारोदार गेला. शेवटी एका टेलिव्हिजन कंपनीने पैसे दिले.

कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे १६० एकर जागा घेतली. तिथे संत्र्यांच्या बागा होत्या. एक कोटी ७० लाख डॉलर खर्च झाला. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. पहिल्या दिवशी फजिती झाली. खोटी तिकिटे घेऊन लोक घुसले. ऊन एवढे होते की नवीन डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. पिण्याच्या पाण्याचे नळ कमी पडले. तरीपण दोन महिने व्हायच्या आत दहा लाख माणसे आली. आत शिरल्यावर जी दुकानांची पेठ लागते ती वॉल्ट यांच्या लहानपणच्या मार्सेलिन गावावरून सुचलेली आहे. म्हणजे शेत गेले, गाव गेले, पण त्यांनी ते परत बांधले.

पण एक अडचण झाली. सगळे पैसे बागेत गेले, म्हणून बाजूची जमीन घेता आली नाही. मग दुसऱ्या लोकांनी चारी बाजूंनी हॉटेले, दुकाने आणि मोठमोठ्या पाट्या लावल्या. आपल्या यात्रेत कसं होतं? कुस्त्यांचा खर्च गाव करते आणि पैसे बाहेरून आलेले दुकानदार मिळवतात. तसेच तिथे झाले. शिवाय अमेरिका फार मोठी आहे. पूर्वेकडचे लोक एवढ्या लांब फारच थोडे येत.

म्हणून वॉल्ट यांनी ठरवले की पूर्वेकडे एवढी जागा घ्यायची की बाग, हॉटेले, तळी, बाजारपेठ आणि एक नवीन शहरसुद्धा तिच्यात मावेल. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांनी विमानातून फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहराजवळची जागा बघितली. तिथे दलदल, झाडी आणि सुसरी होत्या. पण दोन मोठे रस्ते तिथे एकत्र येत होते.

मग १९६४-६५ मध्ये त्यांच्या माणसांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी जमिनी विकत घेतल्या. घेणारा कोण हे विकणाऱ्यांना सांगितले नाही, कारण डिस्नेचे नाव कळले असते तर भाव वाढले असते. अशी सुमारे २७ हजार ४०० एकर जमीन ५० लाख डॉलरहून थोड्या जास्त पैशांत मिळाली. गुरुजींनी फळ्यावर भागाकार करायला लावला. एकरी साधारण १८२ डॉलर आले. ऑक्टोबर १९६५ मध्ये वर्तमानपत्रात नाव फुटले आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव एकदम कित्येक पट चढले.

मी गुरुजींना विचारले की ज्यांनी आधी स्वस्तात विकली त्यांना नंतर कसे वाटले असेल? आमची जमीन दीड एकर आहे. कुणी नाव लपवून ती घेतली असती तर आजी त्याला सोडली नसती. गुरुजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की प्रश्न चांगला आहे, तोही लिही. म्हणून लिहिला. मला ती गोष्ट अजून पटलेली नाही.

ही जागा किती मोठी आहे माहीत आहे काय? चारी बाजू साडेदहा किलोमीटरच्या धरल्या तर तेवढी होईल. आपल्या शाळेपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत साडेदहा किलोमीटरच आहे. तेवढी लांब आणि तेवढीच रुंद जागा! अनाहाइमची अख्खी बाग तिच्यात १७० वेळा बसेल.

त्या जागेत जे शहर करायचे होते त्याचे नाव एपकॉट होते. त्यात २० हजार लोक राहतील, मोटारी जमिनीखालून जातील आणि माणसे वरून निवांत चालतील, असा वॉल्ट यांचा विचार होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांनी ही योजना समजावणारी फिल्म केली. तेव्हा ते आजारी होते, पण फिल्ममध्ये ते कळत नाही.

वॉल्ट यांना तरुणपणापासून सिगारेटचे व्यसन होते. ते सारखे खोकत. नोव्हेंबर १९६६ मध्ये डॉक्टरांना त्यांच्या फुफ्फुसात कॅन्सर सापडला. मित्रांनो, तंबाखू, विडी, सिगारेट फार वाईट. एवढा मोठा माणूस तिने सोडला नाही.

दोघा भावांचे भांडण मी अजून सांगितलेच नाही. ते पुष्कळदा भांडत. एकदा तर कंपनीच्या कारभारावरून एवढे बिनसले की दोघे एकमेकांशी बोलेनात. शेवटी भांडण मिटले आणि वॉल्ट यांनी रॉयच्या वाढदिवसाला एक चिलीम भेट पाठवली. अमेरिकेतले मूळ रहिवासी तह झाला की एकत्र बसून चिलीम ओढत, म्हणून ती समेटाची खूण. रॉयनी ती आपल्या ऑफिसात लावून ठेवली.

हे मी ऐकले त्या आठवड्यात माझे आणि दादाचे भांडण चालू होते. दादा म्हणाला होता की चित्रे काढून पोट भरत नाही, त्यापेक्षा शेण भर. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. दूध घालायला जाताना पुढे पुढे चालायचो. दादाला दहावीला ७८ टक्के पडले होते. त्याला आयटीआयला जायचे होते, पण बाबांचा पाय मोडला म्हणून यंदा त्याचे राहिले. हे मला माहीत होते, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी काही न बोलता मोठी किटली उचलली. ती मला पेलली नाही आणि थोडे दूध सांडले. दादा हसला. मग आम्ही बोलायला लागलो.

डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट दवाखान्यात होते. तो दवाखाना त्यांच्या स्टुडिओच्या समोरच होता. १४ डिसेंबरच्या संध्याकाळी रॉय त्यांना भेटायला गेले. वॉल्ट पाठीवर पडून होते. वर छताला चौकोनी फरशा होत्या. त्या चौकोनांचा नकाशा समजून ते बोटाने दाखवत होते, इथे रस्ता येईल, इथे बाग येईल, इथे शहर येईल, अशी आठवण सांगतात. रॉय ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट डिस्ने वारले. त्यांना ६५ वर्षे पूर्ण होऊन दहाच दिवस झाले होते. फ्लोरिडात तेव्हा नुसती दलदल होती. एक वीटही बसली नव्हती.

त्या रात्री मी घरात पडल्या पडल्या वरच्या कौलांकडे बघितले. एका कौलावर शाळा, एकावर डेअरी, एकावर आमचा गोठा असा नकाशा मी केला. दादाला दाखवला तर तो झोपला होता.

रॉय तेव्हा ७३ वर्षांचे होते. त्यांना काम सोडून घरी विश्रांती घ्यायची होती. ती त्यांनी पुढे ढकलली आणि भावाचे काम पुरे करायला घेतले. पाणी काढून द्यायला कालवे खणले. बे लेक हे तळे उपसून साफ केले, तर गाळाखाली पांढरी वाळू निघाली. तीच काठाला पसरली. शेजारी दुसरे मोठे तळे खणले आणि त्याची माती बागेच्या जागेवर टाकून ती उंच केली. बागेच्या खाली कामगारांसाठी बोगदे आहेत. खरे तर बोगदे जमिनीच्या पातळीलाच आहेत आणि बाग माडीवर आहे! कचरासुद्धा नळ्यांतून हवेने ओढून नेतात. सिंड्रेलाचा राजवाडा १८९ फूट उंच आहे. अनाहाइमचा राजवाडा ७७ फूटच आहे.

या वेळी हॉटेले त्यांनी स्वतःच बांधली. सुरुवातीला दोन होती. त्यांतल्या एका हॉटेलाच्या पोटातून एका रुळावरची गाडी आरपार जाते. त्या हॉटेलातल्या खोल्या दुसरीकडे पूर्ण तयार करून आणल्या आणि क्रेनने उचलून, टेबलाच्या खणासारख्या आत सरकवल्या. १९७५ साली तळ्याकाठी दुकानांचे गावही सुरू झाले. त्याला आता डिस्ने स्प्रिंग्ज म्हणतात.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी ही जागा लोकांसाठी उघडली. तोपर्यंत ४० कोटी डॉलर खर्च झाला होता. पहिल्या दिवशी सुमारे दहा हजार लोक आले आणि पहिल्या वर्षभरात एक कोटीहून अधिक आले. या जागेचे नाव आधी नुसते डिस्ने वर्ल्ड ठरले होते. रॉय यांनी ते बदलून वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असे करायला लावले. नुसते डिस्ने म्हटले असते तर त्यात त्यांचेही नाव आले असते, कारण तेही डिस्नेच. पण हे स्वप्न कुणाचे होते ते लोकांना कायम कळावे, असे त्यांना वाटले. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच २० डिसेंबर १९७१ रोजी रॉय वारले.

वॉल्ट यांच्या मनातले शहर मात्र झाले नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी एपकॉट उघडले, पण ते शहर नव्हते, दुसरी बाग होती. पुढे १९८९ साली तिसरी आणि १९९८ साली प्राण्यांची चौथी बाग झाली. आज तिथे चार बागा, पाण्यात खेळायच्या दोन बागा, २५ हून अधिक हॉटेले आणि बाजारपेठ आहे. एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरहून जास्त आहे. तेवढ्यात आमच्या जनावरांची महिन्याची पेंड येईल, असे आई म्हणाली.

तिथल्या बागेत मिकीचा हात धरून उभ्या वॉल्ट यांचा पुतळा आहे. थोड्या अंतरावर दुसरा पुतळा आहे. त्यात रॉय बाकावर बसलेले आहेत आणि शेजारी मिनी बसली आहे. गुरुजींनी फोटो दाखवला तेव्हा मी त्यांना आधी ओळखले नाही. नुसते कुणाचे तरी आजोबा बसल्यासारखे वाटतात. त्या बागेभोवती वाफेची रेल्वे आहे. तिला चार इंजिने आहेत. एका इंजिनाला वॉल्ट यांचे नाव आहे आणि एकाला रॉय यांचे. दोन्ही एकाच रुळावर धावतात.

मित्रांनो, हे चरित्र लिहायच्या आधी मला वाटायचे की ज्याचे नाव पाटीवर असते तोच थोर. आता मला वाटते की पाटी लावणारापण थोर असतो. आपणही कुणाचे अर्धे राहिलेले चांगले काम पुरे करावे आणि आपल्यासाठी खपणाऱ्याला विसरू नये, एवढा बोध मी घेतला. बाबांचा पाय आता बरा होत आला आहे. ते काठीशिवाय गोठ्यापर्यंत जातात. पुढच्या जूनमध्ये दादा आयटीआयला जाणार आहे. तेव्हा मोठी किटली मी उचलणार. रोज थोडी उचलून बघतो.

या लेखाच्या बाजूला राजवाड्याचे आणि रेल्वेचे चित्र आहे. चित्र मी काढले. चौकट आणि रूळ दादाने पट्टीने आखून दिले, कारण माझी रेघ वाकडी येते. रंग त्याने आणून दिले. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात दोघांची नावे घातली आहेत. दादाचे आधी.

— इयत्ता चौथी